फोटो दुसऱ्याच आगीचा

१ ऑगस्ट १९६९ चा 'टाइम' साप्ताहिकाचा अंक अमेरिकेत घराघरांत वाचला गेला. सिनेटर एडवर्ड केनेडी यांची गाडी चॅपाक्विडिकच्या पुलावरून पाण्यात कोसळली होती आणि सोबतची तरुणी मरण पावली होती. त्या प्रकरणाने देश ढवळून निघाला होता. चंद्रावर माणूस उतरला त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. हे वाचायला लोकांनी अंक उघडला आणि आतल्या पानांत त्यांना देशातल्या घाण नद्यांवरचा एक लेख सापडला. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराची कायाहोगा नदी जूनमध्ये पेटली होती. सोबत फोटो होता: पाण्यावर ज्वाळा, आभाळभर काळा धूर आणि त्यात गुरफटलेली एक टगबोट.

फोटो खरा होता, पण तो १ नोव्हेंबर १९५२ च्या आगीचा होता. त्या आगीत दहा लाख डॉलर्सहून जास्त नुकसान झालं आणि क्लीव्हलंडबाहेर तिची फारशी कोणी दखल घेतली नाही. २२ जून १९६९ ची आग त्या मानाने किरकोळ होती. रविवारची दुपार होत आली होती. पोलाद कारखान्यांजवळच्या रेल्वेपुलांखाली पाण्यावर तेलाचा तवंग साचला होता. त्यावर बहुधा वरून जाणाऱ्या गाडीची ठिणगी पडली. अर्ध्या तासाच्या आत आग विझली, कोणी दगावलं नाही. दोन पुलांचं मिळून सुमारे पन्नास हजार डॉलर्सचं नुकसान झालं. छायाचित्रकार पोचेपर्यंत दिसण्यासारखं उरलं होतं ते जळालेल्या लाकडावर पाणी मारणारं अग्निशामक दलाचं जहाज. त्या आगीच्या ज्वाळांचा एकही फोटो नाही. स्थानिक वर्तमानपत्राने बातमीला लहानशी जागा दिली, कारण गावाला ती नवी नव्हती. १८६८ पासून ही नदी किमान डझनभर वेळा पेटली होती. १९१२ च्या आगीत तर पाच माणसं मेली होती.

पेटलेल्या नद्याही काही कमी नव्हत्या. १९६८ मध्ये बफेलो नदी पेटली. १९६९ च्याच ऑक्टोबरमध्ये डेट्रॉईटची रूज नदी पेटली. फिलाडेल्फिया आणि शिकागो इथल्या नद्यांनीही आगी पाहिल्या होत्या. त्यांची आज कोणाला आठवण नाही. क्लीव्हलंडचं नाव मात्र उच्चारलं की कोणीतरी लगेच म्हणतं, "नदीला आग लागते ते गाव ना?" अर्ध्या शतकाहून जास्त काळ एक अख्खं शहर या एका प्रश्नात बसवलं गेलं आहे, आणि तो प्रश्न ज्या चित्रावर उभा आहे ते चित्र त्या दिवसाचं नाही.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती फोटोची चूक नव्हे. त्या आगीच्या सात महिने आधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, याच शहराच्या मतदारांनी नदी साफ करण्यासाठी दहा कोटी डॉलर्सचे रोखे उभारायला कौल दिला होता. कारखाने बंद पडू लागले होते, लोक शहर सोडून चालले होते, आणि तरीही मागे राहिलेल्यांनी हा बोजा आपल्या अंगावर घेतला. बाहेरच्यांनी ज्यांना आपल्या घाणीची पर्वा नसलेले लोक म्हणून हसण्यावारी नेलं, त्यांनी खिशात हात आधीच घातला होता.

तेव्हाचे महापौर कार्ल स्टोक्स हे सरकारी चाळवजा वसाहतीत, आउथवेट होम्समध्ये, वाढलेले. १९६७ मध्ये त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या नातवाला हरवलं आणि अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. आगीच्या दुसऱ्या दिवशी ते पत्रकारांना घेऊन नदीवर गेले आणि एकेक जागा दाखवत फिरले. कारखान्यांना नदीत सांडपाणी सोडायची परवानगी राज्य सरकार देतं, शहर देत नाही, हे त्यांनी दाखवलं. उपनगरांची घाणही याच पाण्यात येते हे दाखवलं. म्हणजे नदी क्लीव्हलंडच्या नावावर आणि नदीवरचा अधिकार दुसऱ्यांच्या हाती, अशी ती व्यवस्था होती. कार्ल स्टोक्स यांनी केंद्राकडे मदत मागितली, त्यांचे बंधू लुइस तेव्हा काँग्रेसमध्ये होते. १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. पेटलेल्या नदीच्या चित्राचा त्या मागणीला जोर मिळाला, हे मान्यच करायला हवं. पण कायद्याचा लाभ साऱ्या देशाने घेतला आणि डाग एका गावाकडे राहिला.

स्टोक्स यांची एक गोष्ट त्या गडबडीत मागे पडली. १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास देश पर्यावरणाच्या उत्साहात होता, तेव्हा त्यांनी आपली भीती बोलून दाखवली: हवापाण्याच्या नादात गरिबांची घरं, अन्न, कपडे हे विषय मागे ढकलले जातील. त्यांच्या मते उंदरांनी भरलेली, पोपडे निघालेल्या भिंतींची घरं हाही प्रदूषणाचाच भाग होता. नदीच्या आगीचा फोटो निघतो, तसा त्या भिंतींचा निघत नाही.

*

नदीचं तेल आलं कुठून, हे विचारायला हवं. १८७० मध्ये जॉन डी. रॉकफेलर यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनी क्लीव्हलंडमध्ये स्थापन केली. तेव्हा कच्च्या तेलातून दिव्याचं रॉकेल काढायचं हा धंदा होता. पेट्रोलला गिऱ्हाईक नव्हतं आणि कितीतरी शुद्धीकरण कारखाने ते सरळ नदीत सोडून देत. जोडीला रंगाचे, रसायनांचे, पोलादाचे कारखाने आले. एरी सरोवरातून जहाजं लोहखनिज आणत, रेल्वे दगडी कोळसा आणी, आणि नागमोडी नदीच्या वळणावळणाला भट्ट्या पेटल्या. १९२० मध्ये हे अमेरिकेतलं पाचव्या क्रमांकाचं शहर होतं. १९५० मध्ये लोकसंख्या ९ लाख १४ हजारांवर गेली. २०२० च्या जनगणनेत ती ३ लाख ७२ हजार होती.

स्टँडर्ड ऑइलचं मुख्य कार्यालय १८८५ मध्येच न्यूयॉर्कला गेलं. पुढे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या टीव्ही स्टुडिओंतून क्लीव्हलंडवर विनोद होऊ लागले, तेव्हा नफा कुठे गेला आणि गाळ कुठे राहिला हा हिशेब कोणी मांडला नाही.

विनोदाला खाद्य मिळत गेलं हे खरं. १९७२ मध्ये महापौर राल्फ पर्क धातूंच्या एका प्रदर्शनाचं उद्‌घाटन करताना फितीऐवजी धातूची पट्टी वेल्डिंगच्या टॉर्चने कापायला गेले आणि त्यांच्या केसांनी पेट घेतला. नदी आणि महापौर, दोघांनाही आग! देशभर हशा पिकला. 'मिस्टेक ऑन द लेक' हे टोपणनाव चिकटलं. मग १५ डिसेंबर १९७८ ला शहराचं दिवाळं वाजलं. सहा स्थानिक बँकांच्या सुमारे दीड कोटी डॉलर्सच्या कर्जरोख्यांची मुदत भरली आणि शहराला ते चुकवता आले नाहीत. महामंदीनंतर कर्ज बुडवणारं पहिलं मोठं अमेरिकन शहर म्हणून क्लीव्हलंडचं नाव झालं. महापौर डेनिस कुसिनिच तेव्हा फक्त ३२ वर्षांचे होते. त्यांच्या पोरकटपणाने शहर बुडालं, असं बाहेर ठरून गेलं.

आतली गोष्ट निराळी आहे. शहराच्या मालकीची एक वीज कंपनी होती, म्युनी लाइट. खासगी वीज कंपनीला ती विकत घ्यायची होती. कुसिनिच विकायला तयार नव्हते. वीज कंपनी विका तरच मुदत वाढवू असा दबाव मोठ्या बँकेने आणला, असं ते पुढेही सांगत राहिले. बँकेने ते नाकारलं. लोकांना काय वाटलं याची मात्र नोंद आहे. फेब्रुवारी १९७९ मध्ये मतदान झालं आणि दिवाळखोर म्हणून हिणवलेल्या या गावाने मोठ्या बहुमताने दोन गोष्टी ठरवल्या: आपल्यावरचा आयकर वाढवून घ्यायचा आणि वीज कंपनी विकायची नाही. ती कंपनी आजही शहराच्या मालकीची आहे. कुसिनिच त्याच वर्षी निवडणूक हरले. लोकांनी माणूस नाकारला आणि त्याचा मुद्दा ठेवला, इतका शहाणपणा त्या मतपेटीत होता. बाहेरच्या कथेत मात्र फक्त दिवाळं उरलं.

त्याच १९७८ सालात इथल्या मूठभर दाक्षिणात्य संगीतप्रेमींनी त्यागराज आराधना सुरू केली. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास भरणारा तो उत्सव आज भारताबाहेरचा कर्नाटक संगीताचा सर्वांत मोठा मेळावा मानला जातो. चेन्नईचे नामवंत गायक-वादक क्लीव्हलंडचं निमंत्रण मानाचं समजतात. अमेरिकेच्या नजरेत हे शहर खालच्या पायरीवर होतं, त्या वर्षी तिथे कोणी पंचरत्न कृती म्हणायला बसलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

आपल्याकडच्या घरांतही क्लीव्हलंडचं नाव निघतं. मुलीला किंवा भाच्याला तिथे नोकरी लागली की न्यू जर्सीचे नातेवाईक फोनवर विचारतात, "अगं, तिथे काय आहे? थंडी आणि बंद कारखाने!" ईशान्य ओहायोत मराठी कुटुंबं कितीतरी वर्षं राहताहेत, त्यांचा गणपती बसतो, तरी हा प्रश्न संपत नाही. त्यावर एक उत्तर प्रत्येक मराठी घरात तयार आहे, फक्त ते क्लीव्हलंडचं आहे हे ठाऊक नसतं. काकांची अँजिओग्राफी झाली, मग बायपास झाली, हे वाक्य आपल्याकडे कोण बोललेलं नाही? हृदयाच्या रोहिण्यांचं थेट चित्र घेण्याची पद्धत १९५८ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून निघाली. पायातली शीर काढून बायपास करण्याचं तंत्र १९६७ मध्ये त्याच रुग्णालयात, अर्जेंटिनाहून आलेल्या डॉ. रेने फावालोरो यांनी रुळवलं. आपल्याकडच्या किती माणसांची आयुष्यं या शहराने लांबवली, त्याची गणती नाही.

अशी यादी वाढवता येते. सुपरमॅन इथल्या ग्लेनव्हिल भागातल्या दोन ज्यू पोरांनी रचला. इथला वाद्यवृंद जगातल्या पहिल्या रांगेत बसतो, कलासंग्रहालयात प्रवेश फुकट आहे. रॉकफेलर यांनीच दिलेल्या उद्यानात देशोदेशींच्या बागा आहेत आणि भारताच्या बागेत गांधीजींचा पुतळा आहे. शहराचे अभिमानी हीच यादी पुढे करतात. १९८१ मध्ये तर स्थानिक वर्तमानपत्राने मोहीमच काढली: न्यूयॉर्क मोठं सफरचंद असेल, क्लीव्हलंड आलुबुखार आहे. पुढे २००९ मध्ये एका स्थानिक विनोदवीराने शहराच्या पर्यटनाची थट्टा करणारे व्हिडिओ काढले, ते लाखोंनी पाहिले, आणि त्यात दिलासा काय, तर आपण निदान डेट्रॉईट नाही. ज्यांना हसलं गेलं त्यांनी हसू शेजाऱ्याकडे सरकवलं. मला या दोन्ही उत्तरांत अडचण दिसते. थट्टेने जे झाकलं तेच कौतुकाच्या यादीनेही झाकलं जातं.

क्लीव्हलंड क्लिनिकच्या चकचकीत इमारतींमधून उत्तरेला थोडं चाललं की हफ लागतं. १९५० मध्ये या वस्तीत जवळजवळ सगळे गोरे होते, १९६० पर्यंत बहुसंख्य काळे झाले. मधल्या काळात शहराच्या मध्यभागात झोपडपट्टी निर्मूलनाच्या नावाखाली काळ्यांची घरं पाडली गेली आणि माणसं इथे ढकलली गेली. त्याआधी १९३० च्या दशकात सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते. काळ्यांच्या वस्त्या त्यावर लाल, म्हणजे कर्जाला धोक्याच्या. लाल भागात दुरुस्तीलाही कर्ज मिळेना, उपनगरांत काळ्यांना घर मिळेना. घरमालकांनी एकेका घराच्या चार-चार खोल्या करून भाडी वाढवली. जुलै १९६६ मध्ये हफ पेटलं. चौघे मेले, चौघेही काळे. बाहेर प्रतिमा तयार झाली: धोकादायक शहर. तिथली घरं राहण्यालायक का उरली नव्हती, याची चौकशी त्या प्रतिमेत मावत नव्हती.

चाळीस वर्षांनी हेच दुसऱ्या रंगात घडलं. ब्रॉडवे रस्त्याने आग्नेयेला गेलं की स्लाव्हिक व्हिलेज येतं. चेक आणि पोलिश मजुरांनी पोलाद कारखान्यांच्या आडोशाने ही वस्ती वसवली. लाकडी घरं, मोठाली चर्चेस, बेकऱ्या. २००७ मध्ये एका टप्प्यावर या एका पिनकोडात देशातली सर्वांत जास्त जप्तीची प्रकरणं दाखल झाली. दलालांनी दारोदार फिरून म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या गळ्यात न झेपणारी कर्जं मारली होती, ती कर्जं गुंडाळून वॉल स्ट्रीटवर विकली गेली होती. घरं रिकामी झाली, मग चोरांनी तांब्याचे पाइप आणि वायरी ओरबाडून नेल्या. जानेवारी २००८ मध्ये, लेहमन ब्रदर्स कोसळायच्या कितीतरी आधी, क्लीव्हलंड शहराने एकवीस बँका आणि वित्तसंस्थांवर खटला भरला: तुमच्या कर्जांनी आमच्या वस्त्यांना सार्वजनिक उपद्रव केला. जगातले अर्थतज्ज्ञ अजून कुजबुजत होते तेव्हा या नगरपालिकेने बोट ठेवून आरोपी दाखवले होते. न्यायालयाने खटला फेटाळला. वाचकांपर्यंत पोचले ते खिडक्यांना फळ्या मारलेल्या घरांचे फोटो, आणि खाली मथळा: मरणारं शहर.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. शहराला नावं ठेवली की कर्त्याचं नाव घ्यावं लागत नाही. नदी 'पेटली', कारखाने 'गेले', वस्ती 'ढासळली', अशी क्रियापदं वापरायची आणि माणूस गाळायचा. नदीत तेल सोडणारा, नकाशा रंगवणारा, कर्ज विकणारा, यातला एकही त्या विनोदात नसतो.

याला एक भारतीय पैलूही आहे. २००१ च्या अखेरीस एलटीव्ही ही पोलाद कंपनी दिवाळखोरीत बंद झाली आणि हजारो निवृत्त कामगारांचा आरोग्यविमा तिच्याबरोबर गेला. त्या विम्याची जबाबदारी न घेता गुंतवणूकदार विल्बर रॉस यांच्या नव्या कंपनीने कारखाने घेतले, आणि २००५ मध्ये ती कंपनी लक्ष्मी मित्तल यांनी विकत घेतली. आपल्याकडे तेव्हा मित्तल जगाचे पोलादसम्राट झाले म्हणून छाती फुगली होती. त्या भट्टीपाशी चाळीस वर्षं घालवलेला म्हातारा औषधाचे पैसे कुठून आणतो, हे त्या बातम्यांत नव्हतं. २०२० मध्ये तो कारखाना पुन्हा अमेरिकन कंपनीकडे गेला, आणि तिथे आजही पोलाद निघतं. 'बंद कारखान्यांचं शहर' म्हणणाऱ्यांनी निदान ती धगधगणारी भट्टी बघून यावी.

*

शहरावर प्रेम करणाऱ्याने एक गोष्ट लपवू नये. ज्या गावाला स्वतःचं विद्रूप चित्र इतकं बोचलं, त्या गावाने सत्तरएक वर्षं दुसऱ्या समाजाचं विद्रूप चित्र टोपीवर मिरवलं. १९१५ पासून इथल्या बेसबॉल संघाचं नाव 'इंडियन्स' होतं आणि १९४० च्या दशकापासून त्याचं बोधचिन्ह म्हणजे लालभडक चेहऱ्याचा, दात विचकणारा, डोक्यात पीस खोवलेला आदिवासी. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने मूलनिवासींना राखीव प्रदेशांतून शहरांत हलवण्याची योजना राबवली, तेव्हा क्लीव्हलंड त्या शहरांपैकी एक होतं. म्हणजे ती माणसं सरकारी तिकिटावर इथे आली, छोट्या खोल्यांत राहिली, आणि बाहेर पडली की त्यांना भिंतीभिंतीवर आपलं ते चित्र दिसे. रसेल मीन्स या कार्यकर्त्याने १९७२ मध्ये संघावर खटला भरला. त्यानंतर दरवर्षी हंगामाच्या पहिल्या सामन्याला स्टेडियमबाहेर मूठभर माणसं फलक घेऊन उभी राहत आणि आत जाणारे प्रेक्षक त्यांना शिव्या देत. बोधचिन्ह २०१८ नंतर गणवेशावरून गेलं, नाव २०२१ च्या हंगामानंतर. आता संघ 'गार्डियन्स' आहे, नदीवरच्या पुलाच्या खांबांवर कोरलेल्या भव्य रक्षकमूर्तींवरून. आजही जुन्या टोप्या स्टेडियमात दिसतात. दुखावलेलं गाव दुसऱ्याचं दुखणं आपोआप ओळखतं असं नाही. त्यासाठी कोणाला तरी वर्षानुवर्षं थंडीत फाटकापाशी उभं राहावं लागलं.

याच गावाने गॅरेट मॉर्गन यांनाही अशीच वागणूक दिली. नदीची घाण सरोवरात जाई आणि काठाजवळचं पाणी पिण्याजोगं राहत नसे, म्हणून सरोवराच्या तळाखालून लांबवर बोगदा खणून पाणी आणायचं काम चाललं होतं. २४ जुलै १९१६ ला बोगद्यात वायूचा स्फोट झाला. आत गेलेले बचाव करणारेही मेले. मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकाने धुरात श्वास घेता येईल असा टोप बनवला होता; तो घालून ते भावासह आत उतरले आणि माणसं बाहेर काढली. पदकं दुसऱ्यांना मिळाली. काळ्या माणसाने बनवलेली वस्तू म्हणून काहींनी ते टोप घ्यायला नकार दिला. आज शहराचं एक जलशुद्धीकरण केंद्र त्यांच्या नावाने चालतं.

शहराखाली आता पुन्हा बोगदे खणले जात आहेत. पाऊस पडला की जुन्या गटारांतलं मैलापाणी सरोवरात सांडतं, ते साठवण्यासाठी साठ मीटरपर्यंत खोल, आगगाडी जाईल एवढे रुंद बोगदे. २०११ मध्ये सुरू झालेल्या या पंचवीस वर्षांच्या कामाला सुमारे तीन अब्ज डॉलर्स लागणार आहेत आणि ते मुख्यतः ईशान्य ओहायोतल्या रहिवाशांच्या सांडपाणी बिलांतून येतात. नदीत सत्तरहून अधिक जातींचे मासे परतले. २०१९ मध्ये, आगीच्या पन्नासाव्या वर्षी, तिथले मासे खाण्यावरचे निर्बंध सैल झाले, आणि एका राष्ट्रीय संस्थेने कायाहोगाला वर्षातली नदी म्हणून गौरवलं. जगभरचे वार्ताहर आले, नदीत वल्ही मारणाऱ्या तरुणांचे फोटो निघाले.

त्याच वर्षी जुलैमध्ये नगर परिषदेने एक कायदा केला, त्यासाठी बाहेरचे वार्ताहर क्वचितच आले. १९७८ पूर्वीच्या भाड्याच्या घरांना शिशापासून सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र घेणं बंधनकारक झालं. जुन्या रंगात शिसं असतं. खिडकी उघडताना-मिटताना रंगाची पूड पडते, रांगतं मूल ती तोंडात घालतं आणि त्याच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. क्लीव्हलंडमधली बहुतेक घरं त्या काळापूर्वीची आहेत आणि दर दहांतली तीन माणसं दारिद्र्यात राहतात. कार्ल स्टोक्स यांनी ज्या भिंतींबद्दल सांगितलं होतं त्या ह्याच. कायदा यायला पन्नास वर्षं लागली. शहर पाहायला जाणाऱ्याने नदीकाठची उपाहारगृहं जरूर पाहावीत, मग हफ, ग्लेनव्हिल, स्लाव्हिक व्हिलेजच्या गल्ल्यांतून चालावं आणि विचारावं: या गल्लीतल्या किती घरांना प्रमाणपत्र मिळालं, बाकीची कोणाच्या मालकीची आहेत, आणि तो मालक राहतो कुठे?